नितीन चंद्रकांत देसाई

नितीन चंद्रकांत देसाई (९ ऑगस्ट १९६५ – २ ऑगस्ट २०२३) हे भारतीय कलादिग्दर्शक, निर्माते, दिग्दर्शक आणि रायगड जिल्ह्यातील एन. डी. स्टुडिओचे संस्थापक होते.

कारकीर्द

मुंबईत कलाशिक्षण घेतल्यानंतर देसाई यांनी इ.स. १९८७ मध्ये कलादिग्दर्शक नितीश रॉय यांच्या हाताखाली ‘तमस’ या मालिकेपासून कामाला सुरुवात केली. ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ (१९९४) या चित्रपटाने त्यांना ओळख मिळवून दिली. ‘लगान’साठी (२००१) त्यांनी कच्छमध्ये भुजजवळ चंपानेर हे संपूर्ण गावच उभारले. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चित्रपटांसाठी त्यांना उत्कृष्ट कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाले.

एन. डी. स्टुडिओ

भाड्याच्या जागेवर उभारलेले नेपथ्य चित्रीकरण संपताच मोडावे लागते. त्यामुळे महिनोन्‌महिन्यांच्या श्रमांतून केवळ पडद्यावरची प्रतिमा उरते. देसाई यांनी इ.स. २००५ मध्ये सुमारे ५२ एकरांवर स्वतःचा स्टुडिओ सुरू केला. तो कर्जतचा म्हणून ओळखला जात असला, तरी प्रत्यक्षात खालापूर तालुक्यात, चौक गावाजवळ आहे. मुंबई-पुणे मार्गालगतची मोकळी जमीन आणि मागे सह्याद्रीच्या रांगा ही भव्य ऐतिहासिक चित्रीकरणाला सोयीची जागा होती. ‘जोधा अकबर’साठी (२००८) येथे मुघल वास्तूंच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या. देसाई यांचीच निर्मिती असलेली ‘राजा शिवछत्रपती’ ही मराठी मालिकाही येथे चित्रित झाली. ‘बालगंधर्व’ (२०११) या चित्रपटाची निर्मिती आणि ‘अजिंठा’चे (२०१२) दिग्दर्शन त्यांनी केले. पुढे स्टुडिओचा काही भाग पर्यटकांसाठी खुला करण्यात आला.

कर्ज आणि निधन

कायमस्वरूपी उभ्या ठेवलेल्या वास्तूंची देखभाल, चित्रीकरण नसतानाही, करावीच लागते. स्टुडिओ चालवणाऱ्या कंपनीने इ.स. २०१६ आणि २०१८ मध्ये मिळून सुमारे १८५ कोटी रुपयांचे कर्ज घेतले होते. थकबाकी सुमारे २५२ कोटींवर गेल्यानंतर, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. त्यानंतर काही दिवसांतच, २ ऑगस्ट रोजी, देसाई यांनी स्टुडिओतच आत्महत्या केली. त्यांच्यावर अंत्यसंस्कारही तेथेच करण्यात आले.

दिवाळखोरी प्रक्रियेतून हा स्टुडिओ पुढे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी हेच महामंडळ चालवते.