बारवेच्या पायऱ्या आणि सापेक्ष मापांचा इतिहास

१/ परभणी जिल्ह्यातील वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची प्राचीन बारव आहे. अशा बारवेचा उभा छेद कागदावर काढावयाचा, तर प्रत्येक पायरी कोठून मोजावी?

२/ पहिला मार्ग निरपेक्ष: एक मूळबिंदू ठरवून सारी अंतरे त्यापासूनच मोजायची. दुसरा सापेक्ष: मागच्या पायरीपासून इतके पुढे, इतके खाली.

३/ छपाईच्या संगणकभाषांनी दोन्ही मार्ग जपले. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अॅडोबी स्थापन केली. तिच्या १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत दोन्हींसाठी स्वतंत्र आज्ञा होत्या.

४/ डोनाल्ड कनूथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीसाठी पुढे टिल टांटाऊ यांनी ‘टिक्झ’ ही चित्रभाषा रचली. तीत ++(१,०) म्हणजे एक एकक उजवीकडे. त्यानंतरचे ++(०,-१) म्हणजे तेथून एक एकक खाली. ही जोडी दहादा आली की दहा पायऱ्या. मात्र एकच + लिहिले, तर पुढचे माप पुन्हा जुन्याच बिंदूपासून घेतले जाते आणि जिना मोडतो.

५/ सापेक्ष मापनाचा लाभ मोठा: आरंभबिंदू हलवला की अख्खा जिना त्यासह सरकतो. दोषही तितकाच खरा: प्रत्यक्ष मोजणीत प्रत्येक पायरीमागे १ सेंटिमीटर एकाच दिशेने चुकले, तर दहाव्या पायरीवर ती चूक १० सेंटिमीटर होते.

६/ म्हणून बारवेची नोंद करताना पायरीगणिक माप घ्यावे आणि अधूनमधून ते काठावरील स्थिर खुणेशी ताडून पाहावे. दगड ढासळल्यावर पायरी पुन्हा कोठे बसवायची, हे अशी नोंदच सांगू शकते.