लेखणीच्या पोटात काय आहे?



ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे आपली श्रुतपंचमी. गिरनारच्या चंद्रगुहेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आपल्याजवळचे ज्ञान दिले, त्यातून षट्खंडागम लिहिला गेला आणि तो पूर्ण झाल्यावर या तिथीला संघाने त्याची पूजा केली, हे आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो. घरातले ग्रंथ काढतो, पुसतो, नवे वेष्टन घालतो. पण ज्या लेखणीने ग्रंथ लिहिले गेले तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आज तिच्याबद्दल लिहिते आहे.

जुनी लेखणी अगदी साधी होती. दक्षिणेत ताडपत्रावर बहुधा लोखंडी टोकदार लेखणीने अक्षरे कोरत आणि वरून काजळी चोळत. उत्तरेत आणि पुढे कागदाच्या काळात बोरूची लेखणी आली. बोरू म्हणजे बांबूसारखे पोकळ गवतच. चाकूने टोक तासायचे, मध्ये चीर द्यायची की लेखणी तयार. आपल्या भांडारांतील हजारो पोथ्या अशाच लेखण्यांनी लिहिलेल्या आहेत.

सजवलेली लेखणीसुद्धा आपल्या वाङ्मयाला ठाऊक आहे. श्वेतांबर परंपरेच्या राजप्रश्नीय आगमात सूर्याभ देवाच्या विमानातील एका पोथीचे वर्णन येते. तिची दौत वैडूर्य रत्नाची, दौतीची साखळी सोन्याची आणि लेखणी वज्राची, म्हणजे हिऱ्याची. देवलोकातली रत्ने कोणाला मारून आणावी लागत नाहीत. माणसाने लेखणी सजवायला घेतली की मात्र ती वस्तू कुठून तरी आणावी लागते. इतिहासातला खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

गेल्या दोनशे वर्षांत आपल्याकडे लिहिण्याच्या सामानावर जडावाचे फार सुंदर काम झाले. एकोणिसाव्या शतकात सुरत आणि मुंबईत 'सडेली' कामाच्या पेट्या बनत. त्यांत कलमदानेही असत. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले, तिथेही मुंबईच्या अशा पेट्या ठेवल्या होत्या. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. हस्तिदंत, शिंग, काळे लाकूड आणि कथील यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची, मग काकडीच्या चकत्या करतो तशा तिच्या पातळ चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी उमटते. त्या चकत्या लाकडावर बसवायच्या. चिकटवायला सरस वापरत, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून केलेला गोंद. म्हणजे वर दिसणारी नक्षी हत्तीच्या सुळ्याची आणि आत न दिसणारा गोंदही जनावराचाच.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. उपासकदशांग सूत्रात आनंद नावाच्या श्रीमंत श्रावकाची कथा आहे. भगवान महावीर त्याला श्रावकाची व्रते समजावतात. तिथे श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची, म्हणजे कर्मादानांची यादी येते. त्यात वनकर्म आहे, दंतवाणिज्य आहे आणि लाक्षावाणिज्यही आहे. म्हणजे जंगलतोड, हस्तिदंताचा व्यापार आणि लाखेचा व्यापार. आपल्या दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात सागारधर्मामृतात या यादीची दखल घेतली आहे.

मला यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते ते बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांचे योगशास्त्रातील स्पष्टीकरण. दात, केस, नखे, हाडे, कातडी या वस्तू व्यापारासाठी त्या जिथे निघतात तिथे जाऊन उचलणे म्हणजे दंतवाणिज्य, असे ते सांगतात. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, मला हे लगेच पटले. व्यापारी रानाच्या तोंडाशी पैसे घेऊन उभा राहिला की शिकारी रानात शिरणारच. आपण मारले नाही, फक्त विकत घेतले, ही पळवाट त्यांनी आठशे वर्षांपूर्वीच बंद केली. मागणी हीच हिंसेचे मूळ आहे, हे त्यांना दिसले होते.

सरकारी कायद्याला तिथे पोचायला १९८६ साल उजाडले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या सुळ्यांचा व्यापार बंद झाला. १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंताचाही झाला. कारागिरांवर त्याचा मोठा घाव बसला, हे विसरून चालणार नाही. पण कला मेली नाही. म्हैसूरच्या राजवाड्यात शिसवी दारावर हस्तिदंताचा जडाव आहे. त्याच म्हैसूरचे कारागीर आज शिसवात वेगवेगळ्या रंगांची लाकडे बसवून चित्रे करतात. पंजाबात होशियारपूरला हस्तिदंताच्या जागी प्लास्टिक आले.

आता आमच्या घरच्या लेखणीचे सांगते. यांनी निवृत्तीनंतर मागच्या पडवीत एक छोटे लेथ बसवले आहे. लाकूड कुठून आणायचे हा पहिला प्रश्न होता, कारण वनकर्म यादीत आहेच. मोडलेल्या पलंगाचा शिसवी पाय अडगळीत पडला होता, तो घेतला. जडावासाठी सुताराकडे उरलेली फणसाची पिवळी पट्टी मिळाली. नवे झाड कापावे लागले नाही.

रीत थोडक्यात अशी. शिसवाचा साधारण दोन सेंटिमीटर जाडीचा चौकोनी तुकडा घ्यायचा. त्याला तिरका काप द्यायचा, पण पूर्ण आरपार नाही, थोडे लाकूड धरून ठेवायचे. करवतीने जेवढी फट पडली तेवढ्याच जाडीची फणसाची पट्टी फटीत चिकटवायची. वाळली की तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने तसेच करायचे, अशा चारही बाजू. मग मधोमध भोक पाडून पितळी नळी बसवायची आणि तुकडा लेथवर चढवायचा. पटाशी लावली की चौकोनाचा गोल होऊ लागतो आणि सरळ बसवलेल्या पट्ट्या वळून एकमेकींत गुंतलेल्या कड्या दिसू लागतात. रांगोळीत ठिपके जोडल्यावर अचानक गाठ दिसते ना, अगदी तसे. सडेलीचेच तत्त्व हे, आधी चिकटवा आणि मग कापून आतली नक्षी उघडी करा. फक्त हत्तीच्या जागी फणस आला, आणि सरसाच्या जागी बाजारातला रासायनिक गोंद. शिसवाची भुकटी नाकात गेली तर त्रास होतो, म्हणून तोंडाला मास्क हवाच.

शेवटी पॉलिशचा प्रश्न आला आणि आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. अशा लेखणीला चकाकी आणायला सर्रास चपडा वापरतात, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे राहतात, ते स्वतःभोवती जो थर करतात तीच लाख. फांदीवरून ती खरवडताना असंख्य किडे त्यातच जातात. यांचे म्हणणे, लेखणीला थेंबभर तर लागते. मी म्हटले, व्यापारही थेंबाथेंबानेच होतो. अखेर जवसाचे तेल लावले. त्याला वाळायला बरेच दिवस लागतात आणि काचेसारखी चकाकी येत नाही, पण लाकूड लाकडासारखे दिसते. एक सूचना, तेलाचे फडके चुरगाळून ठेवू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. उलगडून वाळवा, मगच टाका.

सावंतवाडीचे चितारी लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून जे रंगीत काम करतात, ते मला फार आवडते. त्यांच्या पोटावर पाय द्यावा असे मी म्हणत नाही. कर्मादानांची यादी दुसऱ्याला बोल लावण्यासाठी नाही, ती आपल्या घरात काय यावे एवढेच ठरवते. लाखेच्या बांगड्या आपणही हौसेने घालतो, तेव्हा हा विचार प्रत्येकीने स्वतःपुरता करायचा आहे.

आमच्याकडे आजेसासऱ्यांचे हस्तिदंती जडावाचे कलमदान आहे. ते रात्रिभोजन न करणारे, अष्टमी-चतुर्दशी पाळणारे गृहस्थ होते. पेढीवरच्या वह्या त्यांनी याच कलमदानातल्या लेखणीने लिहिल्या. नवी लेखणी त्यात घालून श्रुतपंचमीला चौरंगावर ठेवावी, अशी सुनेची इच्छा होती. मी नको म्हटले. आजेसासरे वाईट होते म्हणून नाही. त्यांच्या काळी ती वस्तू बाजारात तयार मिळे, आणि ती कुठून येते हे विचारायची रीत नव्हती. आज आपल्याला माहीत आहे. कलमदान विकणे कायद्याने गुन्हा आहे आणि फेकणे मनाला पटत नाही. म्हणून ते कपाटात आहे, शेजारी एक चिठ्ठी घातली आहे, हे काय आहे आणि पूजेत का नाही ते सांगणारी. पुढच्या पिढीला दोन्ही गोष्टी कळायला हव्यात.

चौरंगावर या वर्षी साधी पितळी तबकडी होती आणि तिच्यात शिसव-फणसाची लेखणी. दुसऱ्या दिवसापासून सून तिनेच दुधाचा हिशेब लिहिते.

जय जिनेंद्र.