नाव काढून घेणार नाही



मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी सातवी शिकलेली बाई. इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने मला एका बाईची हकीगत वाचून दाखवली. तीही माझ्यासारखीच थोडकी शिकलेली, आणि चाळिशी उलटेपर्यंत घर व शेत एवढेच ठाऊक असलेली. ती हकीगत मनातून जाईना, म्हणून येथे देत आहे.

तिचे नाव फॅनी लू हेमर. जन्म ६ ऑक्टोबर १९१७, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात. वीस भावंडांत ती शेंडेफळ. आईबाप कृष्णवर्णीय, गोऱ्या जमीनदाराची शेती वाट्याने करणारे. सहाव्या वर्षी ती कापूस वेचू लागली आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. पुढे लग्न होऊन ती दुसऱ्या मळ्यावर आली. लिहिता-वाचता येते म्हणून मालकाने मजुरांचे टिपण ठेवण्याचे काम तिला दिले. अशी अठरा वर्षे गेली.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १८७० पासून लिहिलेले होते की, वर्णावरून कोणाचे मत नाकारता येणार नाही. बायकांना १९२० साली मताचा हक्क मिळाला. परंतु मिसिसिपीने १८९० साली स्वतःची घटना अशी केली की, मतदाराने पट्टी भरावी आणि परीक्षा द्यावी. परीक्षा घेणारा गोरा, पास-नापास ठरवणारा तोच. त्यामुळे कायद्यात हक्क होता आणि यादीत नाव नव्हते. आपल्याला मत देता येते, हेच फॅनीबाईंना १९६२ पर्यंत ठाऊक नव्हते! गावच्या देवळात सभा झाली, तिथे कळले.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी अठराजण एका जुन्या बसने इंडियानोला या जिल्ह्याच्या गावी गेले. राज्यघटनेतले एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहा, असे फॅनीबाईंना सांगण्यात आले. कापूस वेचणाऱ्या बाईला तो अर्थ कुठून येणार? त्या नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग फार पिवळा आहे म्हणून दंड केला. सर्वांनी पदरचे पैसे काढून तो भरला.

घरी पोचतात तो मालक दारात. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असे तो म्हणाला. फॅनीबाईंनी उत्तर दिले की, मी अर्ज करायला गेले ते तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. त्याच रात्री त्यांना घर सोडावे लागले. आणि १० सप्टेंबरला, ज्यांनी त्यांना आसरा दिला होता त्यांच्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवाने त्या वाचल्या.

तरी त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, आणि १० जानेवारी १९६३ ला पास झाल्या. जून महिन्यात विनोना गावी त्यांना तुरुंगात टाकून कैद्यांकरवी इतके मारवले की, मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. १९६४ च्या जूनमध्ये कु क्लक्स क्लान या गोऱ्या दहशतवाद्यांच्या टोळीने मतनोंदणीच्या चळवळीतील तीन तरुणांना ठार केले. त्यांतला एक कृष्णवर्णीय, दोघे गोरे.

येथे मला एक गोष्ट समजली. रात्री बंदूक घेऊन येणारे थोडे असतात. त्यांना बळ येते ते दिवसा टेबलामागे बसून नावे गाळणाऱ्यांचे, आणि बघून गप्प बसणाऱ्यांचे.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात फॅनीबाईंनी ही सगळी हकीगत सांगितली. लोकांचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वेळी वार्ताहरांना बोलावले. पण संध्याकाळी दूरचित्रवाणीने त्यांचे बोलणे घरोघर पोचवले. अडुसष्ट प्रतिनिधींपैकी फक्त दोघांना बसवू, अशी तडजोड पुढे आली. ती फॅनीबाईंनी व त्यांच्या सोबत्यांनी नाकारली. पुढल्या वर्षी, ६ ऑगस्ट १९६५ ला, त्याच जॉन्सन यांनी मतदान हक्काच्या कायद्यावर सही केली. मिसिसिपीत त्याआधी शंभरांत सुमारे सातच कृष्णवर्णीयांची नावे यादीत होती. १९६७ साली ती साठाच्या घरात गेली. १९६८ च्या अधिवेशनात फॅनीबाई हक्काच्या प्रतिनिधी म्हणून बसल्या. १९६९ साली त्यांनी गरिबांसाठी सहकारी शेत सुरू केले. १४ मार्च १९७७ ला त्या वारल्या.

आता माझे सांगते. एका निवडणुकीत मी केंद्रावर गेले, तर यादीत माझे नावच नव्हते. मी म्हटले, एका मताने काय होणार? आणि घरी येऊन भाजी चिरायला बसले. मुलीने ही हकीगत वाचून संपवली तेव्हा मला त्या दिवसाची लाज वाटली. माझ्यावर कोणी गोळी झाडली नव्हती, कोणी घराबाहेर काढले नव्हते. फक्त एक अर्ज भरायचा होता.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली, कारण अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच त्यांनी सांगितले. स्वतःचे नाव सांगितले नाही. आपल्यातल्या बहुतेकींना हा हक्क स्वतः न झगडता हातात मिळाला, म्हणून त्याची किंमत कळली नसावी.

मी दुसऱ्याच आठवड्यात सहा नंबरचा अर्ज भरला. आता माझे नाव यादीत आहे, माझ्या स्वतःच्या नावाने.

भगिनींनो, यंदाच्या हळदीकुंकवाला वाण द्याल तेव्हा शेजारणीला एवढे विचारा, "बाई, यादीत तुमचं नाव आहे ना?" आणि कोणी तिची जात, धर्म वा रंग पाहून ते गाळू लागला, तर तिच्याबरोबर कचेरीत जा. एकटीला जाऊ देऊ नका. फॅनीबाईही त्या बसमध्ये एकट्या नव्हत्या.