रील सीटचे माप: काठीतल्या भोकापासून नळीतल्या भोकापर्यंत

मासे गरवण्याच्या रॉडवर रील ज्या भागात बसते त्याला रील सीट म्हणतात. एक नळी, रीलच्या पायाची दोन टोके अडकवणाऱ्या दोन टोप्या आणि त्यांतली एक आवळण्यासाठी आट्यांची कडी, एवढीच त्याची रचना. नळी ठरावीक मापांत मिळते. रॉड मात्र बुंध्याकडून टोकाकडे निमुळता होत जातो. त्यामुळे दोन्हींची गाठ क्वचितच आपोआप जुळते. ही गाठ जुळवण्यासाठी काय कोरायचे, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले.

रीलचे चित्रण चीनमध्ये मा युआन या चित्रकाराच्या 1195च्या सुमाराच्या चित्रात आढळते. इंग्लंडमध्ये थॉमस बार्करने 1651 साली वर्णन केलेल्या काठीला बुंध्यापासून सुमारे दोन फुटांवर भोक पाडलेले होते आणि दोर गुंडाळायचे फिरते यंत्र त्यात बसवलेले होते. काठी भरीव लाकडाची, म्हणून भोक काठीलाच पडे. पुढे काठीभोवती आवळायच्या पट्ट्याची रील आली आणि त्यानंतर चपट्या पायाची. या पायासाठी बुंध्यात खाच कोरून वरून सरकत्या कड्या चढवत.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चिरलेल्या बांबूचे रॉड बनू लागले. पेनसिल्व्हेनियातील सॅम्युएल फिलिपी आणि मेनमधील हायरम लेनर्ड ही त्यातली ठळक नावे. सुरुवातीचा बांबू कोलकात्याहून जाई आणि ‘कलकत्ता केन’ म्हणूनच ओळखला जाई. विसाव्या शतकात त्याची जागा दक्षिण चीनच्या टोंकिन बांबूने घेतली. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून झालेला रॉड षट्कोनी असे. बुंध्याच्या कडा कानसीने गोल करून त्यावर लाकडी भराव चढवत, तो लेथवर उतरवत आणि वरून जर्मन सिल्व्हरची सीट बसवत. कमी-जास्त जे करायचे ते लाकडात होई.

हे चित्र पोकळ रॉडने बदलले. 1940च्या दशकात आर्थर हॉवल्ड यांच्या पद्धतीने शेक्सपिअर कंपनीने काचतंतूंचा ‘वंडररॉड’ बाजारात आणला. 1950 अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केल्यावर टोंकिन बांबू दुर्मीळ झाला आणि काचतंतूंना मोकळे रान मिळाले. 1973च्या सुमारास फेनविकने कार्बन तंतूंचे रॉड आणले. अशा पोकळ नळीत, म्हणजे ब्लँकमध्ये, सारी ताकद पातळ भिंतीतल्या तंतूंत असते. तिला खाच पाडली किंवा ती कानसली, की तंतू तुटतात आणि रॉड तिथेच मोडतो. म्हणून आता कोरायची ती सीट.

1970च्या दशकात हौशी लोक सुटे ब्लँक आणून घरी रॉड बांधू लागले. डेल क्लेमेन्स यांचे काचतंतूंच्या रॉडबांधणीवरचे पुस्तक 1974 साली निघाले. कार्बनचे ब्लँक त्याच ताकदीच्या काचतंतूंपेक्षा बारीक. त्यामुळे सीट बहुधा सैल होई. ही पोकळी मास्किंग टेपचे वेढे, बुचाच्या कड्या किंवा फोमच्या नळीने भरतात. उलट अडचण जाड बुंध्यावर येते. मोठी सीट घ्यावी, तर लहान रीलचा पाय तिच्या टोप्यांत डुगडुगतो आणि मुठीत जाड नळी येते. तेव्हा लहान सीटच आतून मोठी करतात.

त्यासाठी जुन्या, निमुळत्या ब्लँकच्या तुकड्यावर सँडपेपरची पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळून चिकटवतात आणि हे हत्यार सीटमध्ये हाताने फिरवतात. थोडे घासायचे, ब्लँकवर सरकवून पाहायचे, पुन्हा घासायचे. वेगाच्या ड्रिलने प्लॅस्टिक तापून मऊ होते आणि भोक एका बाजूला सरकते. मग रील रॉडवरच्या दोर ओवायच्या मार्गदर्शक कड्यांच्या रेषेत बसत नाही. लाकडी आतभाग असलेल्या सीटला लेथवर भोक वाढवता येते. माप इतके घट्टही ठेवत नाहीत की चिकटद्रव्य पुसले जावे. सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीचा पातळ थर दोहोंमध्ये राहावा लागतो.

या वाढवण्याला मर्यादा आहे. बाहेरच्या आट्यांच्या खोबणीखाली भिंत सर्वांत पातळ असते. आतून जास्त घासले, तर कडी आवळताना सीट तिथेच तडकते. ती मर्यादा आली, की पुढच्या मापाची सीट घेऊन पोकळी भरणे हाच मार्ग उरतो.