कंटिंजंटचा पगार कोण देत होतं?

‘परकीय पोलिसांना प्रशिक्षण आणि हत्यारं देणं’ असा विषय काढला की आपल्याला अमेरिका आठवते. तिने १९६२ मध्ये त्यासाठी ‘ऑफिस ऑफ पब्लिक सेफ्टी’ उघडलं आणि १९७४ मध्ये तिथल्याच संसदेने अशा मदतीवर बंदी घातली. पण नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याने इतकं लांब जायची गरज नाही. हिंगोलीची छावणी बघा, किंवा अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद. इथे ‘हैदराबाद कंटिंजंट’ राहत होतं.

मी सुरुवातीला टिपणांत सरळ ‘इंग्रजांची फौज’ असं लिहून मोकळा झालो होतो. चूक होती ती. अधिकारी इंग्रज, कवायत इंग्रजी, हुकूम रेसिडेंटचा. पण पगार निजामाच्या तिजोरीतून. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३च्या सुमारास ही पलटण उभी केली, म्हणून तिला आधी ‘रसेल ब्रिगेड’च म्हणत. कंपनीची तैनाती फौज हैदराबादेत आधीपासून होतीच. पण राज्याच्या आतली बंडं मोडायला, वसुलीला जोर द्यायला वेगळं दल हवं होतं. थोडक्यात, काम बरंचसं पोलिसांचं.

हे काम म्हणजे काय, ते नांदेड जिल्ह्यात हदगावजवळच्या नौहा गढीवर दिसतं. जानेवारी १८१९ मध्ये नोवसाजी नाईक यांच्या हटकरांविरुद्ध मेजर पिटमनने तिला वेढा घातला आणि ३१ तारखेला गढी पडली. आतली बहुतेक माणसं मारली गेली. पलटणींना ‘नौहा’ हा युद्धसन्मान मिळाला. आता विचार करा, निजामाची तिजोरी मुख्यतः शेतसाऱ्यावर चालायची. म्हणजे गढीवर चालून आलेल्या शिपायांचा पगार याच मुलखाच्या कुणब्याने भरलेला होता! रेजिमेंटच्या इतिहासात ही ओळ तुम्हाला सापडणार नाही. तिथे फक्त सन्मान सापडतो.

खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपये. तिजोरीला तो झेपेना, मग विल्यम पामर कंपनीकडून भरमसाट व्याजाने कर्ज. पुढे थकबाकी खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचीच झाली, आणि १८५३ च्या तहाने डलहौसीने कंटिंजंटच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि लातूरच्या शेजारचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख ताब्यात घेतला. नळदुर्गचा कारभार मेडोज टेलरकडे आला. हा गृहस्थ स्वतः निजामाच्याच फौजेतला! १८५७ नंतर मध्य भारतात बंडवाल्यांविरुद्ध हेच कंटिंजंट लढलं. १८६० मध्ये ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र नाही. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं, आणि लगेच १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय लष्करात मिसळून गेलं. ज्या खर्चाचं निमित्त होतं, तो खर्चच उरला नाही.

त्यामुळे माझी एक सवय झालीये. कुठल्याही ‘लष्करी मदती’चा कागद हातात आला की आधी प्रशिक्षणाचं पान वाचत नाही. पगाराचं पान शोधतो, मग हुकमाचं, आणि मग दल कुणावर वापरलं ते. अमेरिकेच्या कागदांतही हेच करून बघा. तिथे पैसा देणाऱ्याचा असतो, इथे घेणाऱ्याचा होता. गाइडला सारांश देण्याआधी एवढं केलं तरी प्रकरणाची अर्धी मांडणी बदलते, माझी बदलली.

पामरच्या कर्जाचे हिशेब कसे वाचायचे, ते पुढच्या पोस्टमध्ये.