हाताचे शिक्षण आणि कानाचे शिक्षण : बाउहाउसमधील एक प्रकरण

वस्तू हाताळल्यावाचून तिची रचना पूर्ण होत नाही आणि म्हणून रचनाकाराच्या हाताकानांनाही शिक्षण हवे, हा विचार संगणकयुगाचा मानला जातो. जर्मनीतील बाउहाउस ह्या कलाशाळेचा इतिहास पाहता हे मत टिकत नाही.

ही शाळा १९१९ साली वायमार येथे स्थापन झाली. तेथे गेर्ट्रूड ग्रुनो ह्या संगीतशिक्षिका नाद, रंग आणि देहाची हालचाल ह्यांची सांगड घालणारा वर्ग चालवीत. पियानोवरील स्वर ऐकावा आणि अंगाने त्याला प्रतिसाद द्यावा, अशी त्यांची पद्धत. १९२४ मध्ये ग्रुनोबाईंनी शाळा सोडली. शाळेच्या इतिहासांतून त्यांचे नाव दीर्घकाळ जवळजवळ वगळलेच गेले, हे न्याय्य नव्हे.

१९२३ मध्ये आलेल्या लास्लो मोहोली-नागी ह्यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात स्पर्शफलक आणले. मारिनेत्तीने १९२१ मध्येच इटलीत स्पर्शकलेचा जाहीरनामा काढला होता. परंतु त्याला हवी होती नवी संवेदना, तर मोहोली-नागींना द्रव्याची पारख. मऊपासून कठीणापर्यंत, गुळगुळीतापासून खरखरीतापर्यंत चढती श्रेणी विद्यार्थ्याने लावावयाची आणि बोटांना आलेल्या अनुभवाचा आलेख काढावयाचा. कोणी गोल, फिरता फलकही केला. पुढे १९३७ साली हे पाठ त्यांच्याबरोबर शिकागोला गेले. तेथे हाताच्या पकडीत बसतील अशी लाकडी शिल्पे विद्यार्थी कोरीत.

ह्या वर्गातील सर्वांत लक्षणीय काम ओटी बेर्गर हिचे. १९२८ सालच्या तिच्या फलकावर धाग्यांची लांबट पट्टी असून तीवरील रंगीत कागदी चौकोन हाताळणाऱ्यास बदलता येत. बेर्गरला ऐकू कमी येई. ग्रुनोबाईंचा वर्ग तिच्या वाट्याला आला नाही. आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनात येतोच. विणकामाकडे वळल्यावर कापड डोळ्यांइतकेच हातांनीही जाणावे, असे तिने आग्रहाने मांडले. ज्यू असल्यामुळे १९४४ मध्ये आउशवित्झ येथे तिची हत्या झाली.

इतिहासकाराची खरी अडचण पुराव्याची आहे. स्पर्शफलक बहुतांशी १९२९ साली मोहोली-नागींनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील छायाचित्रांतूनच परिचित आहेत. म्हणजे हातासाठी केलेली वस्तू अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे येते. ग्रुनोबाईंच्या वर्गातील स्वर तर विरून गेले. उरला तो त्यांचा १९२३ सालचा लेख.