आकडा, खांब आणि चर

विजेच्या ग्रामीण इतिहासात ‘आकडा’ या मराठी शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. एक कागदावरचा: वीज पोचलेल्या गावांची संख्या. दुसरा तारेवरचा: उघड्या वाहिनीला चोरून अडकवलेली वायर. पांढरकवडा परिसराविषयी विचार करताना हे दोन अर्थ वेगळे काढणे आम्हांला कठीण जाते.

केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होते, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जूनला राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६९ मध्ये केंद्राचे ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आले आणि कृषिपंपांच्या जोडण्यांना पैसा मिळू लागला. मात्र १९९७ पर्यंत महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गाव ‘विद्युतीकृत’ ठरे. शिवारातला एक पंप त्याला पुरे होई. १९९७ मध्ये वस्तीतील वापराची अट आली. २००४ मध्ये किमान दहा टक्के घरे आणि शाळा, पंचायत यांसारखी सार्वजनिक ठिकाणे व्याख्येत आली. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावांत वीज पोचल्याचे जाहीर झाले, ते याच मोजपट्टीने. गावापासून दूर असलेल्या कोलामांच्या पोडावर किती घरांत दिवा लागला, हे त्या संख्येवरून कळत नाही.

दुसऱ्या आकड्याचे मूळ खर्चात आहे. मुंबई शहरात वीज जमिनीखालून फिरली. खेड्यात अंतरे लांब आणि ग्राहक विरळ, म्हणून खांबांवरची उघडी तार स्वस्त पडली. उघड्या तारेला हात पोचतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्री त्याच तारेवर आकडा टाकून कुंपणात प्रवाह सोडला जातो. विदर्भात अशा कुंपणांनी वाघ मेले आहेत, माणसेही मेली आहेत. टिपेश्वरच्या जंगलालगत शेती करणाऱ्यांना हा धोका समजावून सांगावा लागत नाही. रात्री पीक राखण्याचा दुसरा उपाय मात्र त्यांना हवा असतो.

या पार्श्वभूमीवर नव्या बांधकामाच्या जागी खणलेला चर पाहावा. खांबावरून लोखंडी पाइपातून खाली आलेली सर्व्हिस केबल सुमारे पाऊण मीटर खोल चरातून मीटरपर्यंत नेतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि केबल ओढते. म्हणून खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटांचा थर आणि धोक्याची फीत. केबलीला पोलादी कवच असते. येथे आकडा पडत नाही. अर्थात हे संरक्षण खांबापासून घरापर्यंतचे, म्हणजे ज्याला परवडते त्याच्या अंगणापुरते आहे. खांबापलीकडची तार उघडीच राहते.

पुरलेली केबल विसरली जाते, हा तिचा दोष. चार वर्षांनी शोषखड्डा खणणाऱ्या मजुराला ती दिसत नाही. तिचा मार्ग दाखवणारा साधा नकाशा घरमालकाने जपला, तर त्या मजुराचा जीव वाचतो. गावांच्या संख्येलाही असाच नकाशा जोडलेला असावा, ज्यावर पोड वेगळे दिसतील. तो मिळेपर्यंत विद्युतीकरणाचा आकडा वर्गात सांगताना त्यामागची व्याख्याही सांगावी, असे आम्ही सुचवतो.